कुणीतरी कव्हर घालतंय

पुस्तक वाचून झालं की मी फोन लावायची आणि एकच शब्द बोलायची, "संपलं." पलीकडून ती म्हणायची, "थांब, गॅस बंद करून येते." मग माझा कान गरम होईपर्यंत आमचं बोलणं चालायचं. पुस्तकातल्या नवऱ्याचं चुकलं की बायकोचं, लेखकानं शेवट नीट केला की कंटाळून आटोपता घेतला, यावर आम्ही सख्ख्या भावकीसारख्या भांडायचो.

ती माझी मैत्रीण. एकाच बँकेत, एकमेकींच्या शेजारच्या टेबलावर आम्ही उभी नोकरी काढली. नाशकात ती इंदिरानगरला राहायची, मी गंगापूर रोडला. तिला नवरा, दोन मुलगे, सासू आणि सासूची पथ्यं. मला मीच. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं सांगून लोकांचं समाधान करायचंही मी केव्हाच सोडून दिलंय. आमच्या दोघींत पुस्तक एकच असायचं. आधी ती वाचायची, मग मी, कारण तिला धीर नव्हता आणि मला घाई नव्हती. आवडी म्हणाल तर अजिबात जुळायच्या नाहीत. तिला जाडजूड कौटुंबिक कादंबऱ्या हव्यात, ज्यात तीन पिढ्या एकाच विहिरीवरून भांडतात. मला आत्मचरित्रं आवडतात. माणूस स्वतःविषयी लिहिताना कुठे थाप मारतोय ते पकडायची मला खोड आहे.

पुस्तकांशी ती फार वाईट वागायची. त्यावर चहाचा कप ठेवायची, उघडं पुस्तक पालथं घालून भाजी टाकायला जायची. खूण म्हणून कागदाचा कपटा ठेवावा, तर नाही. सरळ पानाचा कोपरा दुमडायची. मी नवं पुस्तक घेतलं की कव्हर घालूनच तिला द्यायची. ते ती काढून टाकायची. "त्याला झबलं कशाला घालतेस? गुदमरेल ते," म्हणायची. परत आलेलं पुस्तक बघून मी चिडायची आणि पुढच्या वेळी पुन्हा कव्हर घालायची.

मागच्या थंडीत ती गेली. आजार फार लांबला नाही. शेवटी शेवटी दवाखान्यात तिच्या उशाशी एक कादंबरी होती आणि तीही अर्धीच झाली.

काही आठवड्यांनी तिचा मोठा मुलगा गाडीतून पिशव्या घेऊन माझ्या दारात आला. "मावशी, आईची पुस्तकं. आमच्याकडे कुणी वाचणारं नाही, आणि रद्दीत टाकवत नाहीत. तुम्हीच बघा काय करायचं." मुलगा गुणी आहे. चहा उभ्याउभ्याच घेतला आणि निघाला, कारण गाडी चुकीच्या जागी लावली होती. त्यानंतर त्या पिशव्या बरेच दिवस माझ्या हॉलमध्ये होत्या. मी त्यांना वळसा घालून स्वयंपाकघरात जायची.

मला माणूस हवं होतं. उगाच गोल गोल कशाला सांगू? पुस्तक संपल्यावर ज्याला "संपलं" म्हणता येईल असं एक माणूस. मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. शेजारच्या वहिनींना एक पुस्तक दिलं, तर त्यांनी महिन्याभरानं न उघडता परत दिलं आणि म्हणाल्या, "आता सगळं ऐकायलाच मिळतं की हो मोबाईलवर." वाचनालयातल्या एका वाचक मंडळात जाऊन बसले. तिथे प्रत्येक माणूस माईक हातात घेऊन उभं राहायचं आणि "या पुस्तकानं मला अंतर्मुख केलं" असं म्हणून खाली बसायचं. अंतर्मुख झालेली माणसं इतकं बोलत नाहीत. चहा झाल्यावर मी तिथून निघाले, ती पुन्हा गेले नाही.

आमच्या भागात एका मंगल कार्यालयाच्या मागच्या गल्लीत एका ट्रस्टचं दुकान आहे. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू तिथे थोडक्या किमतीला मिळतात आणि येणारे पैसे ट्रस्टच्या वृद्धाश्रमाला जातात. दुकान सांभाळायला रोज वेगळं माणूस. बहुतेक सगळी माझ्यासारखीच निवृत्त मंडळी, आपापले वार वाटून घेऊन बसतात. पुढच्या भागात साड्या, स्वेटर, प्रेझेंट आलेले आणि डब्यातून बाहेरच न निघालेले काचेचे सेट. मागे भिंतीला लागून पुस्तकांचं लोखंडी कपाट. मी विचार केला, एकदम सगळी पुस्तकं द्यायची नाहीत, थोडी थोडी द्यावीत. खरं कारण हे की सगळी एकदम दिली असती तर पुन्हा तिथे जायला निमित्त उरलं नसतं.

पहिल्या पिशवीतली तिची एक लाडकी कादंबरी पुढच्या खेपेला मला कपाटात दिसली नाही. गेली कुणाकडे तरी, असं वाटून बरं वाटलं. आणि त्याच्या पुढच्या खेपेला ती परत तिथेच होती. पण कव्हर घालून.

तिच्या पुस्तकाला कव्हर असणं शक्यच नव्हतं. मी देताना ते उघडं होतं, मुखपृष्ठावर कपाची गोल खूण होती. आता त्यावर गुळगुळीत कागद होता, घड्या अगदी काटेकोर, कोपरे आत वळवलेले. कण्यावर पांढरी पट्टी चिकटवून कुणीतरी निळ्या पेनानं पुस्तकाचं नाव लिहिलं होतं. मी तिथेच उभी राहून विचार केला. आपल्याकडे कव्हर कोण घालतं? जो पुस्तक घरी नेतो, तो. दुसऱ्याच्या पुस्तकाला कुणी कव्हर घालत नाही. म्हणजे कुणीतरी हे विकत नेलं, आपलं म्हणून त्याला कव्हर घातलं, वाचलं, आणि मग दुसऱ्याला मिळावं म्हणून परत आणून दिलं. इतकं नीटस वागणारं माणूस या गावात आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वेळी मी आणखी पुस्तकं दिली. तीही काही दिवस गायब झाली आणि कव्हरं घालून परत आली. मग मला नादच लागला. दुकानात शिरलं की साड्यांकडे न बघता मी सरळ कपाटाकडे जायची आणि आपली पुस्तकं शोधायची.

कव्हरं बहुतेक जुन्या कॅलेंडरांची असायची. एक सटाण्याच्या बी-बियाण्याच्या दुकानाचं निघालं, त्यावर ताटाएवढा कांदा छापलेला. एक सायखेड्याच्या पतसंस्थेचं. एका पुस्तकाला द्राक्षांच्या पेटीत घालतात तो पातळ पांढरा कागद दुहेरी करून घातलेला होता. तारखांची बाजू आत वळलेली असायची, आणि मुडपलेला भाग जरा उचलला की चौकोनांत पेनानं लिहिलेलं वाचता यायचं. "गॅस लावला." "दूध नाही." "बीपी गोळ्या." मे महिन्याच्या एका पानावर लिहिलं होतं, "पोरं आली." आणि त्याच ओळीत चार चौकोन सोडून, "पोरं गेली." ते वाचून मी तिथल्या विकायला ठेवलेल्या खुर्चीवर बसले.

बघता बघता ती बाई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. बाईच, पुरुष असं कव्हर घालत नाहीत. वय माझ्याएवढं किंवा थोडं जास्त. सटाण्याकडची, बागलाणातली, कांद्याच्या घरातली. मुलानं शहरात फ्लॅट घेतला आणि तिला आणलं. घरात माणसं आहेत पण बोलायला कुणी नाही. दुधाचा आणि गॅसचा हिशेब तिच्याकडे, बीपीच्या गोळ्याही तिच्याच. आणि दुपारी सगळं घर झोपलं की ती वाचते. इतकी जुळवाजुळव तर मी बँकेच्या ताळेबंदातसुद्धा केली नव्हती.

मग मी तिच्यासाठी निवडून पुस्तकं द्यायला लागले. कादंबऱ्या तिला चालत होत्या. म्हटलं, बघू या, आत्मचरित्र चालतं का. एका नटाचं दिलं, कव्हर घालून परत आलं. एकदा तर मुद्दाम सहकारी सूतगिरण्यांच्या इतिहासावरचं एक भयंकर पुस्तक ठेवलं, जे माझ्या मैत्रिणीला निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी भेट दिलं होतं आणि जे आम्ही दोघी मिळूनही तिसऱ्या पानापुढे नेऊ शकलो नव्हतो. त्यालाही कव्हर. मी हातच जोडले. म्हटलं, बाई, काय चिकाटी आहे तुमची!

मी तिच्याशी बोलायला लागले, हे सांगायला लाज वाटते पण सांगते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. "तुम्हांला तो धाकटा भाऊ आवडला असेल, मला नाही आवडला. नुसता रडतो." किंवा, "शेवट कळला का तुम्हांला? मला दोनदा वाचावा लागला." मी तिला अहो-जाहो करायची, कारण ओळख नव्हती. ती उत्तर द्यायची नाही, पण ऐकतेय असं मला पक्कं वाटायचं. पावसाळा असा गेला. एकटीचा पावसाळा किती लांब असतो ते ज्याचं त्याला माहीत. यंदाचा मात्र बरा गेला.

दुकानात विचारलं का नाही, असं कुणीही म्हणेल. काउंटरवर बसणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा अवकाश होता. पण विचारलं की नाव कळणार, पत्ता कळणार, मग भेटणं आलं. आणि भेटल्यावर तिला मी आवडले नाही तर? मी काही चटकन आवडणारी बाई नाही. मैत्रिणीलाही मी आवडायला दोन वर्षं लागली होती, असं ती स्वतःच सांगायची. त्यापेक्षा कधीतरी कपाटापाशी आपोआप गाठ पडावी, असं मी मनात धरलं आणि वार बदलून बदलून जायला लागले.

पिशव्या रिकाम्या होत आल्या. शेवटी ती दवाखान्यातली कादंबरी राहिली. जवळजवळ मधोमध एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. ती तिथपर्यंत पोचली होती. त्या पानापर्यंत मीही वाचलं होतं. पुढे जाववत नव्हतं. ती जिथे थांबली त्याच्या पुढे आपण एकट्यानं जायचं, आणि तिथे काय झालं ते कुणालाच सांगायचं नाही, हे मला जमेना. मग वाटलं, ही त्या बाईंना द्यावी. त्यांनी पुरी करावी. परत कपाटात येईलच, तेव्हा आपण विकत घेऊ आणि उरलेली वाचू. निदान दोघींनी वाचल्यासारखं होईल. कोपरा तसाच ठेवून मी ते पुस्तक दिवाळीच्या आधी दुकानात दिलं.

दिवाळी झाली. पुस्तक कपाटातून गेलं होतं, पण परत येईना. नुसतं तेच नाही, कव्हर घातलेलं कुठलंच नवं पुस्तक येईना. मी जायची, बघायची, परत यायची. आजारी असतील, गावाला गेल्या असतील, असं स्वतःला सांगायची. मग एके रात्री मनात आलं, गेल्या तर नसतील? झोपच लागली नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरवर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. मी त्यांना विचारलंच. "त्या पुस्तकं नेऊन कव्हर घालून परत आणून देतात ना, त्या बाई हल्ली दिसत नाहीत का?"

"परत कोण आणून देतंय?" काका म्हणाले. "पुस्तकं नेतंच कोण इथली? अहो, ती कव्हरं आपल्या आश्रमातल्या एक आजी घालतात. डागाळलेली, फाटकी पुस्तकं आम्ही गठ्ठा करून तिकडे पाठवतो. जरा नीटनेटकी दिसली तर खपतील म्हणून. रद्दीतली कॅलेंडरं जमवून देतो त्यांना. मध्यंतरी आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून काम थांबलंय."

"म्हणजे कुणी वाचलीच नाहीत?"

"नाही ना, ताई. मराठी पुस्तकं जातच नाहीत हल्ली. काचेचे सेट जातात."

मी घरी आले. फार राग आला होता, आणि तो काढायला घरात कुणी नव्हतं. दूध एका घरचं, गॅस दुसऱ्या घरचा, बीपीच्या गोळ्या तिसऱ्याच कुणाच्या. पोरं कुणाकडे आली आणि गेली देव जाणे. गावभरच्या रद्दीतून मी एक अख्खी बाई शिवली होती आणि पावसाळाभर तिच्याशी गप्पा मारल्या होत्या. त्या दिवशी मी भाजी चिरली ती तोंड मिटून.

दोन-तीन दिवसांनी डोकं ताळ्यावर आलं तेव्हा पहिली आठवण झाली त्या कादंबरीची. ती तिकडे कुठल्यातरी गठ्ठ्यात पडली होती. दिलेलं परत मागू नये हे मला कळतं. पण वाचक असता तर गोष्ट वेगळी होती. वाचकच नाही म्हटल्यावर ते पुस्तक मला परत हवं होतं.

आश्रम मखमलाबादच्या पुढे आहे. बसनं गेले, उरलेलं रिक्षानं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि हवा अशी गार की रिक्षात मी कान बांधून बसले. ऑफिसमधल्या मॅडमना सांगितलं, चुकून एक पुस्तक दिलं गेलंय. त्यांनी व्हरांड्याकडे बोट दाखवलं. "आजींकडे असेल. कालपासूनच पुन्हा बसायला लागल्यात."

व्हरांड्यात ऊन आलं होतं. लुगड्यांवर स्वेटर घातलेल्या चार-पाच जणी उन्हाला पाठ करून बसल्या होत्या, आणि एका टोकाला बुटक्या स्टुलावर या आजी. डोळ्यांवर ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा. समोर पाट, पाटावर कात्री, वाटीत खळ, बाजूला पुस्तकांचा ढीग. माझी कादंबरी ढिगात नव्हती. ती त्यांच्या मांडीवर होती.

"आजी, तुम्हीच घालता का ही कव्हरं?"

"हो बाई. हात रिकामा राहिला की दुखस." बोली अहिराणी, देवळ्याकडची, नाशकात राहून थोडी बदललेली. पोरं शाळेत होती तेव्हा दर जूनला सगळ्यांच्या पुस्तकांना कव्हरं आपणच घालायचो, असं त्यांनी सांगितलं. पट्टीवरची नावं मात्र ऑफिसातल्या मॅडम लिहितात म्हणे.

"वाचता का यातलं काही?" मी विचारलं. माहीत होतं तरी विचारलं.

"छे! वाचानं वेड नही माले. तरुणपणी बी नव्हतं. डोया दुखतस. टीव्ही बरा."

इतकं स्वच्छ उत्तर मला बऱ्याच दिवसांत कुणी दिलं नव्हतं. मी हसले असते, पण तेवढ्यात त्यांनी कादंबरी उघडली आणि मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. पाटाशेजारी स्टीलचा पेला होता, त्यात वाफाळतं पाणी. त्यांनी एक पान काढलं, त्याचा कोपरा बोटानं सरळ केला आणि पेल्याचं गरम बूड त्यावरून इस्त्रीसारखं फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. मग पान निरखून बघितलं आणि समाधानानं मिटलं.

"अहो, काय करताय?" मी ओरडलेच. "तो कोपरा का सरळ केलात?"

त्या दचकल्या. "वाकडं व्हतं ते. कुनी तरी दुमडेल व्हतं. मी सगळास्ले करस असं, मंगच कव्हर घालस."

"कुणीतरी नाही! तिनं दुमडला होता. ती तिथपर्यंत वाचून गेली." माझा आवाज चढला होता आणि उन्हातल्या बायका वळून बघत होत्या. "पुस्तक अर्धं राहिलं तिचं. तिथे खूण होती. आता मला कसं कळणार कुठपर्यंत होती ती?"

हे खरं नव्हतं. पानाचा आकडा मला पाठ होता. पण मी बोलतच सुटले. कपाची खूण, झबलं, गॅस बंद करून येते, सगळं एकात एक. आजींनी पेला खाली ठेवला. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. माझं तोंड बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोन लागे ती तुमनी? बहीन?"

"नाही. मैत्रीण."

"घरमां कोन शे तुमना?"

"मी एकटीच."

त्यांनी खळीची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "मंग तुमना दारवर कोनी उनंच नही?"

मला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. त्यांच्याकडे माणूस गेलं की नातलग, शेजारी दारावर येतात. पदर घेऊन समोर बसतात, कसं झालं ते विचारतात, घरच्यांना बोलू देतात, रडू देतात. आमच्याकडे त्याला भेटायला येणं म्हणतात. तिच्या घरी लोक भेटायला गेले. मीही गेले होते. सतरंजीवर बसून तिच्या नवऱ्याला म्हटलं होतं, काळजी घ्या. चहा घेऊन निघाले आणि रिक्षा करून माझ्या घरी आले. माझ्याकडे कोण येणार? मी तिची कुणीच लागत नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "कुणी नाही आलं."

आजींनी खळीचे हात लुगड्याला पुसले. काळा चष्मा काढून पाटावर ठेवला. स्टुलावरून सावकाश खाली उतरल्या आणि माझा हात धरून मला चटईवर बसवलं. मग डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि माझ्यासमोर बसल्या, कुणाच्या घरी खास त्यासाठी चालत आल्यासारख्या.

"कधी गेल्या बाई?" त्यांनी विचारलं. "कसं झालं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. मागच्या थंडीपासून मी रडले नव्हते. आता आवरेना, आणि आजींनीही "रडू नका" म्हटलं नाही. उन्हातल्या दोघी उठून आल्या. कोण गेलंय, माझी कोण होती, त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनीही स्वेटरवरून पदर घेतले आणि शेजारी येऊन बसल्या.